फ्रीजमधला गॅस संपत नसतो

"बाई, गॅस म्हणजे काय स्टोव्हमधलं रॉकेल आहे, रोज थोडं थोडं जळून संपायला?"

हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला माझ्याच स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मागे उकिडवे बसून विचारला. तीस वर्षे रत्नागिरीत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवल्यावर हा प्रश्न खरे तर मीच कुणाला तरी विचारायला हवा होता. त्याआधीच्या चार महिन्यांत मी दोनदा पैसे मोजून फ्रीजमध्ये गॅस भरून घेतला होता. दोन्ही वेळा आलेल्या कारागिराने मागच्या नळ्यांना हात लावून "गॅस संपलाय, भरावा लागेल" एवढेच सांगितले होते आणि स्वयंपाकाचा सिलिंडर संपला की दुसरा लावावा तितक्या सहजपणे मीही मान डोलावली होती. पहिल्या भरणीवर फ्रीज दोन महिने चालला, दुसऱ्या भरणीवर जेमतेम पाच आठवडे.

फ्रीजमधला गॅस खर्च होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, केसासारख्या बारीक केशनलिकेतून पुढे ढकलला जातो आणि बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळ्यांत उकळतो. उकळण्यासाठी लागणारी अप्रकट उष्णता तो आतल्या दूध-भाज्यांतून उचलतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. हा फेरा पूर्ण बंदिस्त असतो. कारखान्यात भरलेला तोच गॅस पंधरा-वीस वर्षे फिरत राहावा अशीच त्याची रचना आहे. म्हणून गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखे आहे. हे मी वर्गात अनेकदा समजावून सांगितले होते, पण स्वतःच्या घरात मला ते सुचले नाही.

त्या दुरुस्तीच्या निमित्ताने जे पाहिले, विचारले आणि नंतर स्वतः करून पाहिले, ते इथे लिहिते आहे. घरातल्या माणसाने फ्रीजला कुठवर हात लावावा आणि कुठे थांबावे, याची माझी एक रेघ आता पक्की झाली आहे: नळी कापण्याची किंवा टोचण्याची वेळ आली की आपला हात थांबतो. त्याच्या अलीकडचे बरेचसे काम मात्र आपले आहे आणि ते आपण करत नाही म्हणूनच निम्म्या तक्रारी उद्भवतात.

सुरुवात विजेपासून करते, कारण फ्रीजने माणसाला इजा होण्याची घरातली सर्वांत संभवनीय वाट तीच आहे. फ्रीजच्या मागे हात घालायचा असेल तर बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढून बाजूला ठेवायचा. जुन्या घरांत वायरिंग करताना बटण कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेले असते. अशा ठिकाणी बटण बंद केल्यावर फ्रीज थांबतो, पण आतल्या तारांत वीज तशीच हजर असते. आमच्या जुन्या घरात नेमके असेच होते, आणि ते टेस्टरच्या दिव्याने दाखवून देईपर्यंत कुणालाही माहीत नव्हते. काही फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरजवळ कपॅसिटर असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ विद्युतभार धरून ठेवू शकतो. त्यामुळे प्लग काढला असला तरी कॉम्प्रेसरच्या बाजूचे प्लॅस्टिकचे झाकण घरच्या माणसाने उघडू नये, असे माझे मत आहे.

ओल्या हाताने किंवा अनवाणी उभे राहून दाराला हात लावला की मुंग्या येतात, असे अनेक घरांत अगदी हसत सांगतात. "आमच्या फ्रीजला थोडा करंट येतो," हे वाक्य मी हळदीकुंकवाच्या बायकांत ऐकलेले आहे. थोडा करंट असे काही नसते. पत्र्यापर्यंत वीज पोहोचते आहे आणि अर्थिंग ती जमिनीत नेऊन सोडत नाही, असा त्याचा अर्थ आहे, आणि ज्या दिवशी लादी ओली असेल त्या दिवशी ती वाट माणसाच्या शरीरातून जाईल. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन हीच ती सोडवणूक करणारी पिन. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग बसवणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. पिन शाबूत असली तरी पलीकडे अर्थिंग जिवंत आहे का, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ओली असते तोवर ठीक, पण एप्रिल-मे महिन्यांत जांभा कोरडाठाक होतो आणि कोळसा-मीठ घालून केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वाढतो. त्यामुळे उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या खड्ड्यात एक बादली पाणी ओतणे हे आमच्या घरी तुळशीला पाणी घालण्याइतके नेमाचे झाले आहे. त्याच्या जोडीला मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक, म्हणजे इलेक्ट्रिशियन ज्याला आरसीसीबी म्हणतात ते बसवून घेतले. ते बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात दोनदा तुटले आणि दोन्ही वेळा दोष फ्रीजचा नसून मिक्सरचा निघाला.

आता बर्फाविषयी. यात मी स्वतःच गुन्हेगार आहे. आमचा याआधीचा फ्रीज साधा, एका दाराचा, बर्फ आपण वितळवायचा अशा प्रकारचा होता. मे महिन्यात पाहुणे आलेले, बर्फाचा ट्रे कप्प्याला घट्ट चिकटलेला, आणि मी सुरीच्या टोकाने कडेचा बर्फ फोडत होते. चौथ्या-पाचव्या घावाला 'स्स्स' असा बारीक, लांबलेला आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा तो आवाज होता आणि काय झाले ते मला तत्क्षणी कळले. तो कप्पा म्हणजे साधी पेटी नसते. ॲल्युमिनिअमचे दोन पातळ पत्रे एकमेकांवर दाबून त्यांच्यामध्येच गॅसच्या वाटा फुगवलेल्या असतात. सुरीच्या टोकाला तिथे फारसा अडथळा नसतो. त्या फ्रीजमध्ये आर-१३४ए हा वायू होता, पाटीवर १०० ग्रॅम लिहिलेला. तो विषारी नाही आणि पेटतही नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. म्हणजे एका ट्रेच्या मोहापायी मी जवळजवळ १४३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका उपद्रव स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर सोडला. भोक लांबीने बुजवून पाहिले, ते टिकले नाही. अखेर फ्रीज निकालात निघाला.

बर्फाचा थर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा झाला की फ्रीज बंद करून प्लग काढायचा, दार उघडे ठेवायचे, खाली जुने पंचे पसरायचे आणि कप्प्यात घडी केलेल्या फडक्यावर गरम पाण्याचे पातेले ठेवून निघून जायचे. दहावीच्या पुस्तकातला आकडा इथे फार उपयोगी पडतो: एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, म्हणजेच ८० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी शून्यापर्यंत निवेपर्यंत फार तर एक किलो बर्फ वितळवते. पाणी दोनदा बदलले की साधारण सगळा बर्फ सुटतो. ज्यांना एवढाही धीर नाही ते केस वाळवण्याचे यंत्र लावतात. पाणी ठिबकत असताना हातात विजेचे उपकरण धरण्याची ही कल्पना मला मुळीच मान्य नाही. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये हे काम आतला हीटर करतो. तिथे मागच्या भिंतीवर बर्फाचा डोंगर दिसू लागला, तर तो हीटर, त्याचा टायमर किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजून कारागिराला बोलवावे. बर्फ वितळवला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे, आठवड्याभरात तो पुन्हा तयार होतो.

दाराच्या रबराची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने करतात. दारात नोट अडकवून दार लावायचे आणि ओढून पाहायचे. सहज निघून आली तर त्या जागी रबर बसत नाही. चारही बाजूंनी असे करावे, कारण बिजागराच्या बाजूला रबर सहसा चांगले असते आणि खालच्या कोपऱ्यात सुरकुतलेले. आमच्या रबराच्या घडीत आमटीचे थेंब, कोथिंबिरीचे देठ आणि काळी बुरशी निघाली. साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने ती साफ केली, कडक झालेल्या भागावर गरम पाण्यात बुडवलेले फडके धरून रबर मऊ केले, आणि नवे रबर घेण्याची वेळच आली नाही.

भाज्यांच्या ट्रेखाली पाणी साचले की लोक गॅसची शंका घेतात, पण बहुतेक वेळा मागच्या भिंतीच्या तळाशी असलेले पाणी जाण्याचे भोक तुंबलेले असते. त्यात सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडले की ते मोकळे होते. तार मात्र घालू नये. तिथून उतरणारे पाणी कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत जमते, आणि ही ताटली आपल्याला वर्षानुवर्षे दिसतच नाही. डेंग्यूच्या दिवसांत घरोघर येणारे आरोग्य कर्मचारी ती आधी बघतात, कारण त्या उबदार, स्वच्छ पाण्यात डासांच्या अळ्या मजेत वाढतात. आमच्याकडे त्यांनी ती बाहेर काढली तेव्हा मला खालमानेने उभे राहावे लागले. मागची जाळी असलेला फ्रीज असेल तर तिच्यावरची धूळ वर्षातून दोनदा मऊ ब्रशने झाडावी आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. हल्लीच्या अनेक फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड दडवलेली असते, म्हणून त्यांच्या बाजू गरम लागतात. तो बिघाड नव्हे. परंतु त्याच कारणाने त्या पत्र्यात खुंटी बसवण्यासाठी भोक पाडणे म्हणजे पुन्हा माझ्या सुरीचीच कथा.

कारागिराला फोन करण्याआधी मी आता एक प्रयोग करते. शाळेतून निवृत्त होताना मिळालेला प्रयोगशाळेतला तापमापी पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवते. सकाळी ४-५ अंश दिसले तर फ्रीज ठीक आहे आणि तक्रार सवयीची आहे: गरम डाळ आत ठेवणे, दार उघडे ठेवून विचार करणे, फळ्या गच्च भरून हवेची वाट बंद करणे. १० अंशांच्या वर असेल तर पुढे पाहायचे. कॉम्प्रेसर चालू होताना 'टक' असा आवाज येऊन थोड्या वेळाने पुन्हा 'टक' होत असेल आणि मधे गुणगुण थांबत असेल, तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग), ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की वीज तोडणारा भाग) किंवा विजेचा दाब यांच्याकडे संशय जातो. मे महिन्यातल्या संध्याकाळी आमच्याकडे दाब इतका उतरतो की पंखे पालथे पडल्यासारखे फिरतात, तेव्हा हे हमखास होते. वीज जाऊन लगेच आली तरी तेच घडते, कारण नळ्यांच्या दोन बाजूंतला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात आणि तोपर्यंत कॉम्प्रेसरला भरल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते. वेळ लावून चालू होणारा स्टॅबिलायझर त्यासाठीच असतो. आणि कॉम्प्रेसर न थांबता चालतो आहे, स्वतः तापतो आहे, पण बर्फाच्या कप्प्याचा फक्त एक कोपरा गार होतो आहे, अशी स्थिती असेल तर गॅस कमी असल्याचा संशय योग्य ठरतो. आमच्या फ्रीजचे हेच झाले होते.

आता त्या दुरुस्तीकडे येते. सुरुवातीला सांगितलेला माझा हा जुना विद्यार्थी दहावीनंतर आयटीआयला रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम करून गेली वीस वर्षे हेच काम करतो. आल्यावर त्याने अवजारांची पिशवी उघडली नाही. आधी फ्रीजच्या मागची पाटी वाचली, कॉम्प्रेसरवरचा ज्वालेचे चित्र असलेला पिवळा त्रिकोण मला दाखवला आणि विचारले, "आधीच्या माणसाने इथे बसूनच ज्योत लावली होती?" लावली होती. खिडकी पावसामुळे बंद होती आणि ओट्यावर दूध तापत होते. तो काही बोलला नाही, फक्त उठून स्वयंपाकघराची दोन्ही दारे आणि खिडक्या उघडू लागला.

त्या पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ असा की आत आर-६००ए आहे, म्हणजे आयसोब्यूटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. माझ्या आयुष्यातल्या तीन फ्रीजनी वायूंचा सगळा इतिहासच दाखवला असे म्हणता येईल. सासूबाईंच्या फ्रीजमध्ये आर-१२ होता, जो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद करण्यात आला. मग आला माझ्या सुरीने सांडलेला आर-१३४ए, आणि आता हा आयसोब्यूटेन. याने ओझोनला धक्का लागत नाही, वातावरणही नाममात्र तापते, विजेचीही बचत होते. फक्त तो पेटतो. आमच्या फ्रीजच्या पाटीवर त्याचे वजन ४५ ग्रॅम लिहिलेले आहे. ओट्याखाली १४.२ किलोचा सिलिंडर ठेवून आपण निर्धास्त झोपतो, त्यापुढे ४५ ग्रॅम म्हणजे तीनशेवा हिस्सासुद्धा नाही, म्हणून असा फ्रीज घरात असल्याची भीती बाळगण्याचे काही कारण नाही. हवेत त्याचे प्रमाण घनफळाने सुमारे १.८ टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो. वजनात सांगायचे तर एक घनमीटर हवेत साधारण ४३ ग्रॅम. आमच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस घनमीटर हवा मावते, तेव्हा सगळा गॅस सगळीकडे सारखा पसरला तर धोक्याच्या पातळीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपासच राहील. पण तो सारखा पसरत नाही. हवेच्या दुप्पट जड असल्यामुळे तो खाली बसतो, आणि फ्रीज व भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत, नेमकी कारागिराची ज्योत जिथे असते तिथेच दाटतो. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो तसा याला दिलेला नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळेल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून धोका असतो तो मुख्यतः दुरुस्तीच्या त्या तासाभरात.

त्याने मला सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला सांगितला, मग जरा संकोचून म्हणाला, "बाई, देव्हाऱ्यातली समईसुद्धा." समई शांत केली. पंखा आधीच लावून घेतला आणि काम होईपर्यंत कुणीही कोणतेही बटण दाबायचे नाही असे ठरले, कारण गॅस पेटायला बटणातली ठिणगीही पुरते. फ्रीजचा प्लग काढला. भरणीच्या नळीला टोचणारा चिमटा लावून त्याला जोडलेला रबरी पाइप त्याने खिडकीतून परसात, माडाच्या बुंध्यापर्यंत नेला आणि आत जे काही उरले होते ते तिथे सोडून दिले. नंतर नळ्यांतून नायट्रोजन फिरवला. नायट्रोजनच का, हेही त्याने न विचारता सांगितले: गळती शोधण्यासाठी ऑक्सिजनच्या बाटलीने दाब देणारेही लोक आहेत, आणि दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाला भेटला तर स्फोट होतो.

गळती त्याला पाच मिनिटांत सापडली. नळ्यांवरून तो कागदाचा कपटा फिरवत गेला आणि एका सांध्याजवळ कपट्याला तेलाचा डाग लागला. गॅस जिथून निसटतो तिथून थोडे तेलही घेऊन जातो. मग नायट्रोजनचा दाब ठेवून त्याने त्या सांध्याला साबणाचा फेस लावला आणि मला वाकून पाहायला सांगितले. फेसात मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उगवला. कप्प्याकडून येणारी ॲल्युमिनिअमची नळी जिथे तांब्याच्या नळीला मिळते, तो हा सांधा. दोन भिन्न धातू, त्यांच्यामध्ये समुद्राकडून येणारी खारट ओल: मी फळ्यावर वर्षानुवर्षे काढलेला विद्युत घटच तो, आणि त्यात झिजणारा धातू अर्थातच ॲल्युमिनिअम. तसे होऊ नये म्हणून कारखान्यात त्या सांध्यावर घट्ट प्लॅस्टिकचे वेष्टन चढवलेले असते. आमचे वेष्टन उंदरांनी कुरतडलेले होते. आत पालीची दोन रिकामी अंडीही मिळाली, पण त्यांचा या प्रकरणाशी संबंध नसावा.

इथे मला दोन्ही भरण्यांचे गणित उलगडले. आयसोब्यूटेन उणे ११.७ अंशांवर उकळतो, पण कप्पा त्याहून गार ठेवायचा असल्यामुळे फ्रीज चालू असताना त्या बाजूचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी असतो. म्हणजे तिथे भोक असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, आणि गॅस जातो तो फ्रीज थांबलेला असताना. पहिल्या कारागिराने त्या हवेसकट, त्या ओलाव्यासकट वरून गॅस भरला होता. त्यामुळे कॉम्प्रेसर हवा दाबत बसला, तापला, आणि आतली ओल टिपणारा ड्रायर भिजून निकामी झाला. भरणी चुकीची असली तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही.

पुढचे काम मी ओट्याला टेकून पाहिले. नळी त्याने ज्योतीने वितळवली नाही, लहान चकतीच्या कटरने कापली. दोन्ही टोके बारीक पॉलिश कागदाने घासली, त्यांवर एका द्रवाचे थेंब सोडले आणि धातूची कडी पक्कडीने दाबून सांधा मिळवला. याला ते लोक लॉकरिंग म्हणतात आणि यात ज्योत वापरावीच लागत नाही. ड्रायर नवा घातला, कारण नळ्या उघडल्या की जुना ड्रायर ठेवायचा नाही असा त्याचा नियम आहे. नंतर व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालू ठेवला, तो बंद करून झडप लावली आणि पंधरा मिनिटे गेजचा काटा हलतो का ते पाहत बसला. काटा हलला नाही. त्या पंधरा मिनिटांत चहा झाला असता, पण शेगडी बंद होती. पंप नसेल तर कॉम्प्रेसरलाच पंप करून हवा काढणारे कारागीर असतात, आणि घरगुती सिलिंडरमधला गॅस भरून पैसे वाचवणारेही असतात, असे तो सांगत होता. स्वयंपाकाचा गॅस हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते, त्यात वासाचे रसायन आणि ओलावाही असतो, त्यामुळे तो या यंत्राला लागू पडत नाही.

शेवटी त्याने सोनारासारखा इलेक्ट्रॉनिक काटा काढला, त्यावर गॅसचा छोटा डबा उभा केला आणि आकडा उतरताना मोजून ४५ ग्रॅम गॅस आत सोडला. आधीच्या माणसाने हा अंदाज नळीवर हात ठेवून केला होता. ४५ ग्रॅमांत पाच-सात ग्रॅमांची चूक म्हणजे मिठाच्या अंदाजाने औषध देण्यासारखे आहे. भरणीची नळी बंद करून प्रत्येक सांध्याला पुन्हा फेस लावला, नव्या सांध्यावर वेष्टन चढवले आणि मग खिडक्या उघड्या असतानाच फ्रीज सुरू केला.

अशा वेळी कारागिराला काय विचारावे, असे मला शेजारणी विचारतात. पाटीवर कोणता गॅस आहे, गळती कुठे सापडली, ड्रायर बदलणार का, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणला आहे का, एवढे विचारले तरी पुरे. ज्याला काम येते तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलून बोलतो. चिडला तर नम्रपणे चहा देऊन निरोप द्यावा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या फ्रीजविषयीही दोन ओळी लिहिते, कारण २२ जुलै २०२१ ला चिपळुणात माझ्या नणंदेच्या घरात पाणी शिरले तेव्हा फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. पाणी ओसरल्यावर तो "वाळलाय" म्हणून लावून बघण्याचा मोह तिच्या मुलाला झाला होता. कॉम्प्रेसर सीलबंद असल्यामुळे तो वाचूही शकतो, पण रिले, थर्मोस्टॅट आणि तारांचे जोड यांत चिखल गेलेला असतो, आणि दोन पत्र्यांमधल्या फोमात शिरलेले गटाराचे पाणी बाहेरून पुसून जात नाही. आडवा पडलेला फ्रीज, पुरात असो वा घर बदलताना टेम्पोत असो, उभा करून काही तास तसाच ठेवावा लागतो, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल जागेवर येते. तिने शेवटी तो टाकून दिला आणि मला ते योग्यच वाटले.

टाकून देण्याचीही रीत आहे. सुरीने मारलेला माझा जुना फ्रीज दोन वर्षे मागच्या पडवीत उभा होता, धान्याचे डबे ठेवण्यासाठी. नातवंडे सुट्टीला आली तेव्हा लपाछपीत धाकटा त्यात शिरू पाहत होता. त्याच संध्याकाळी मी बिजागरांचे स्क्रू काढून दार वेगळे केले. भंगारवाला नळ्या कुऱ्हाडीने तोडून तांबे काढून घेतो, म्हणून गॅस असलेला फ्रीज त्याच्या हाती न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. माझ्या फ्रीजमध्ये अर्थात सोडण्यासारखे काही उरलेच नव्हते.

दुरुस्ती झाली त्या दिवशी निघण्यापूर्वी त्याने मार्करने फ्रीजच्या पाठीवर लिहिले: आर-६००ए, ४५ ग्रॅम, आणि खाली तारीख. "पुढच्या वेळी जो येईल त्याला दाखवा," असे म्हणून तो समईकडे बघत थांबला. मी रेग्युलेटर चालू केला, समई लावली आणि मगच चहाचे आधण ठेवले. त्याला आता चौदा महिने झाले. पेला अजून मधल्या फळीवर असतो आणि आज सकाळी तापमापी साडेचार अंश दाखवत होता.